कार्ड हातात, नोंद गायब : सीएमएसमधला मराठी शोध पुन्हा पुन्हा का बिघडतो

"अगं, कार्ड माझ्या हातात आहे आणि तुझं यंत्र म्हणतंय अशी नोंदच नाही."

इंदूरच्या रामबाग भागातल्या एका जुन्या मराठी वाचनालयाची सूची मी संगणकावर, एका सीएमएसमध्ये (मजकूर भरायची आणि सांभाळायची प्रणाली) आणते आहे. तिथल्या ग्रंथपाल काकांनी हे वाक्य मला तिसऱ्यांदा ऐकवलं. पहिल्या दोन्ही वेळा मी काहीतरी दुरुस्त केलं होतं, शोध चालूही झाला होता, आणि महिना-दीड महिन्यात दुखणं परत आलं होतं. या वेळी कार्ड होतं कऱ्हाडविषयीच्या एका पुस्तकाचं. काका 'कऱ्हाड' टाइप करत होते, पडद्यावर शून्य नोंदी. मी त्यांच्यासमोर यादी खाली सरकवत नेली तर पुस्तक तिथेच होतं, नावात 'कऱ्हाड' स्वच्छ दिसत होतं.

तुमच्याकडेही असं होत असेल तर लक्षणं साधारण अशी असतात. नोंदीतला शब्द कॉपी करून शोधपेटीत चिकटवला की सापडतो, हाताने टाइप केला की नाही. एका संगणकावरून सापडतो, दुसऱ्यावरून नाही. आणि 'दुसऱ्या', 'किनाऱ्यावर', 'वऱ्हाड', 'ॲड.', 'ऑफिस' अशा ठरावीक शब्दांवरच गाडी अडते. 'पुस्तक', 'नाटक', 'संमेलन' बिनतक्रार मिळतात. हे शेवटचं लक्षण जुळलं तर सर्व्हर, कॅशे, इंडेक्स यांच्या मागे लागू नका. मी दोन रात्री त्यात घालवल्या.

आमची मांडणी सांगते. स्ट्रॅपी या सीएमएसची ५वी आवृत्ती, मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस, दोन्ही डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात बंद करून चालवणारं साधन), भाड्याच्या लहान सर्व्हरवर. मोफत आवृत्ती एमआयटी या मुक्त स्रोत परवान्याची आहे आणि मजकुराचे प्रकार कोणते, त्यांत फील्ड कोणती, हे सगळं फायलींमध्ये राहतं, त्यामुळे ते गिटमध्ये (फायलींतले बदल नोंदवून ठेवणारं साधन) ठेवता येतं. या दोन कारणांसाठी मी ती निवडली होती. आता सांगायचं आहे ते मात्र कुठल्याही सीएमएसला लागू आहे, कारण दोष सीएमएसचा नव्हताच.

डोळ्यांना एक, यंत्राला चार

पहिली तपासणी पाच मिनिटांची आहे. डेटाबेसमध्ये जाऊन त्या शब्दाची लांबी विचारा. पोस्टग्रेसचं 'लेंग्थ' आणि मायएसक्यूएलचं 'कॅर लेंग्थ' अक्षरं नाही, कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक असलेली चिन्हं मोजतं, आणि आपल्याला तेच हवं आहे. 'कऱ्हाड'ची लांबी ६ यायला हवी: क, ऱ, हलन्त, ह, काना, ड. आमच्या नोंदीत ती ७ आली. काकांनी टाइप केलेल्या शब्दाची ६.

त्या ऱ्ह-ऱ्यमधला अर्धा ऱ तीन रस्त्यांनी लिहिला जातो. एक, मराठीसाठी युनिकोडमध्ये दिलेला स्वतंत्र ऱ, क्रमांक ०९३१, आणि त्यावर हलन्त. इनस्क्रिप्ट टंकनफळीवर र च्या कळीवरच शिफ्ट दाबून तो येतो. दोन, साधा र आणि खाली नुक्ता. तीन, साधा र, हलन्त आणि त्यापाठोपाठ झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे रुंदीच नसलेलं, न दिसणारं जोडचिन्ह, क्रमांक २००डी. पडद्यावर तिन्ही हुबेहूब सारखे. डेटाबेस बाइट ताडून पाहतो, त्याच्या लेखी हे तीन वेगळे शब्द.

ॲ ची गोष्ट याहून वाईट. एक अखंड ॲ आहे, क्रमांक ०९७२. तो युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आला. त्याआधीपासून लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत होते, आजही देतात. काही टंकनफळ्या अ आणि चंद्र यांच्यामध्ये तेच अदृश्य जोडचिन्ह घालतात. आणि चौथा प्रकार हिंदीतला ऍ. इथे इंदूरचं वेगळेपण येतं. आमच्याकडे संगणक विकत घ्या की मोबाइल, हिंदी टंकनफळी बहुधा आधीपासून बसवलेली असते. मराठी कुणी मुद्दाम जोडून घेतली तरच. वाचनालयात सूची भरणाऱ्या तिघांपैकी काकू मोबाइलवरच्या मराठी टंकनफळीवर लिहितात, काका इनस्क्रिप्टवर, आणि कॉलेजमधला मुलगा हिंदी फोनेटिकवर. देणगीदारांच्या यादीत वकील मंडळी बरीच आहेत, 'ॲड.' शोधलं की काकांनी भरलेली नावं यायची, बाकीची नाहीत. लांबी मोजली तर 'ॲड' कुठे २, कुठे ३, कुठे ४.

तीनदा केलेली दुरुस्ती, तीनदा फसलेली

पहिल्या वेळी मी शोध घेणाऱ्या बाजूला हात घातला. शोधपेटीतला शब्द एनएफसी नावाच्या युनिकोडच्या प्रमाणरूपात आणायचा आणि मग डेटाबेसला क्वेरी, म्हणजे विचारणा, द्यायची. जावास्क्रिप्टमध्ये 'नॉर्मलाइझ' ही पद्धत २०१५ पासून आहे, एका ओळीचं काम. त्या दिवशी शोध चालला, कारण मी ज्या नोंदी तपासल्या त्या काकांनी भरलेल्या होत्या. साठवलेला मजकूर तसाच राहिला होता.

शिवाय एनएफसी काय करतं आणि काय करत नाही, हे मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. र आणि नुक्ता यांना ते जोडून ऱ करतं. हिंदीतल्या ड़ ला उलट तोडून ड आणि नुक्ता करतं. गोंधळल्यासारखं वाटतं, पण युनिकोडचा नियमच तसा आहे, आणि दोन्ही बाजूंना तेच झालं तर काही बिघडत नाही. मात्र जोडचिन्हवाल्या र ला ते हात लावत नाही. अ आणि चंद्र यांचा ॲ करत नाही. आ वर चंद्र दिला तर त्याचा ऑ करत नाही. युनिकोडच्या लेखी ही समान रूपं नाहीतच. मीडियाविकी सगळा मजकूर साठवताना एनएफसीत आणतं; ती सवय उत्तम आहे, पण मराठीसाठी तेवढ्याने पुरत नाही. बहुतेक उत्तरांत 'एनएफसी करा, सुटेल' एवढंच लिहिलेलं सापडतं, म्हणून हे ठासून सांगते.

दुसऱ्या वेळची चूक अजून बोचते. न दिसणारी चिन्हं हाच रोग, असं धरून मी सगळ्या नोंदींमधून जोडचिन्ह एकाच फटक्यात काढून टाकलं. एक अपडेट, काही सेकंद, संपलं. दोन दिवसांनी काकूंचा फोन. वाचनालयाच्या एका जुन्या अहवालात आचाऱ्यांना मानधन दिल्याची नोंद होती. आता तिथे 'आचार्यांना' मानधन दिलं होतं. स्वयंपाक करणारे गेले आणि विद्वान आले. 'दऱ्या'चा 'दर्या' झाला होता, म्हणजे डोंगरातल्या घळींचा समुद्र.

कारण उघड आहे, आधी सुचायला हवं होतं. र, हलन्त, जोडचिन्ह, य यांतलं जोडचिन्ह काढलं की उरतो र, हलन्त, य; आणि त्याचा रफार होतो. मराठीत रफार आणि अर्धा ऱ यांनी अर्थ बदलतो. हिंदीत हा अर्धा ऱ नाही, त्यामुळे हिंदीसाठी लिहिलेली सफाईची स्क्रिप्ट मराठीवर चालवली तर असंच होणार. अपडेटच्या आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून अहवालाचा मजकूर परत मिळाला. त्या दोन दिवसांत भरलेल्या नोंदी काकूंनी पुन्हा भरल्या. कुठलीही सामूहिक दुरुस्ती चालवण्याआधी डंप, म्हणजे डेटाबेसची पूर्ण प्रत, घ्या, आणि तो दुसऱ्या डेटाबेसमध्ये उघडतो का हेही पाहा.

तिसऱ्या वेळी मी शहाणपणाने वागले असं मला वाटत होतं. सीएमएसमध्येच साठवणीच्या आधी आपोआप चालणारा कोडचा तुकडा, म्हणजे हुक, लिहिला. आधी एनएफसी, मग र-हलन्त-जोडचिन्हाच्या जागी ऱ आणि हलन्त, मग अ आणि चंद्र यांच्या जागी ॲ, मध्ये जोडचिन्ह असो वा नसो. क्रम बरोबर, नियम बरोबर. दीड महिना काही कुरबूर नव्हती. मग कऱ्हाडचं कार्ड.

झालं होतं असं की जुन्या नोंदवह्यांतली एक मोठी यादी त्या कॉलेजच्या मुलाने एक्सेलमध्ये टंकली होती, आणि ती मी स्वतःच थेट डेटाबेसमध्ये ओतली होती. अॅडमिन पॅनेलमधून एकेक भरणं शक्यच नव्हतं. थेट डेटाबेसमध्ये गेलेल्या ओळीला सीएमएसचा हुक दिसतच नाही. स्ट्रॅपीत याचे आणखी पदर आहेत: ५व्या आवृत्तीत डॉक्युमेंट सर्व्हिसवर (नोंदी भरण्या-बदलण्याचा स्ट्रॅपीचा वरचा थर) बसवलेला मिडलवेअर, म्हणजे मध्येच चालणारा कोड, त्या वाटेने येणाऱ्या नोंदींवर चालतो, पण कुणी खालच्या थरातून, डेटाबेस क्वेरीच्या वाटेने नोंद घातली तर तो मध्ये येत नाही. दार एकच आहे असं आपण धरतो, आणि वाड्याला मागून दिंडी दरवाजा असतोच.

टिकलेला उपाय

मजकूर कुठूनही आला तरी ज्या एका उंबऱ्यावरून जातो तो म्हणजे डेटाबेस. म्हणून नियम तिथे नेले.

पोस्टग्रेसमध्ये १३व्या आवृत्तीपासून 'नॉर्मलाइझ' हे फंक्शन अंगभूत आहे. डेटाबेसचं एन्कोडिंग यूटीएफ-८ असलं पाहिजे एवढीच अट. त्यावर आधारित माझी दोन फंक्शन्स आहेत. पहिलं 'दुरुस्ती', दुसरं 'शोधरूप'. टेबलावर एक ट्रिगर आहे, नोंद घालताना किंवा बदलताना आधी चालणारा. तो मूळ मजकुरावर 'दुरुस्ती' चालवतो आणि 'शोधरूप' वेगळ्या स्तंभात भरतो.

दोन फंक्शन्स का, हे महत्त्वाचं. 'दुरुस्ती' फक्त तेवढंच बदलते जे बदललेलं वाचणाऱ्याच्या डोळ्यांना कळणारच नाही. तीन प्रकारचे ऱ एक करा, वाचकाला काही फरक नाही. अ-चंद्राचा ॲ करा, फरक नाही. पण ऍ चा ॲ 'दुरुस्ती' करत नाही, कारण तो दिसतो. ज्याने लिहिलं त्याने तसं लिहिलं. इतर ठिकाणची जोडचिन्हंही ती काढत नाही. कुणी व्याकरणाच्या लेखात मुद्दाम अर्धं अक्षर सुटं दाखवलेलं असेल, ते मोडायचा मला अधिकार नाही.

'शोधरूप' मात्र निर्दय आहे, कारण ते कुणाला दिसत नाही. 'दुरुस्ती' झाल्यानंतर, आणि नंतरच, ते उरलेली सगळी अदृश्य चिन्हं काढतं. ऍ चा ॲ करतं. इंग्रजी आकडे देवनागरीत आणतं, त्यामुळे साल कसंही लिहिलं तरी सापडतं. आणि ऱ चा सरळ र करतं. आचारी आणि आचार्य इथे एकत्र येतात, चालेल; शोधणाऱ्याला दोन नोंदी जास्त दिसतील. ज्याच्या टंकनफळीवर ऱ नाहीच, त्याला 'कर्हाड' लिहून कऱ्हाड मिळतं, हा फायदा मोठा आहे. शोधपेटीतला शब्दही याच फंक्शनमधून जातो आणि मग त्या स्तंभाशी ताडला जातो. जावास्क्रिप्टमध्ये दुसरी प्रत ठेवली नाही. दोन प्रती ठेवल्या की सहा महिन्यांत त्यांचे रस्ते वेगळे होतात.

फंक्शन लिहिताना ही चिन्हं कोडमध्ये टाइप करू नका. एडिटर, गिट, चॅट, कुठेतरी ती गळतात किंवा बदलतात आणि चूक दिसत नाही. पोस्टग्रेसच्या 'सीएचआर' फंक्शनला दशमान क्रमांक द्या: जोडचिन्ह ८२०५, त्याचं भावंड असलेलं न-जोडचिन्ह ८२०४, ऱ २३५३, ॲ २४१८, ऍ २३१७, चंद्र २३७३, अ २३०९.

विसर्गाचं एक वेगळं प्रकरण आहे. 'दु:ख', 'अंत:करण' यांत अनेक जण विसर्गाऐवजी इंग्रजी कोलन देतात. त्याचा विसर्ग करताना एकच अट ठेवली: कोलनच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा न सोडता देवनागरी अक्षर किंवा मात्रा असली पाहिजे, आकडा नाही. नाहीतर 'विषय:' आणि '१०:३०' बिघडतात. हे फक्त शोधरूपात.

स्ट्रॅपीत करताना दोन गोष्टी सांभाळा. सुरू होताना सीएमएस टेबलांचा आराखडा स्वतःच्या फायलींशी जुळवून घेतं, त्यामुळे हाताने जोडलेला स्तंभ टिकेल असं गृहीत धरू नका. शोधरूपाचं फील्ड रीतसर मजकूर-प्रकारातच जाहीर करा आणि भरणाऱ्यांच्या पडद्यावरून लपवा. दुसरं, ५व्या आवृत्तीत मसुदा आणि प्रकाशित नोंद या एकाच टेबलातल्या दोन वेगळ्या ओळी असतात. थेट क्वेरी लिहिताना प्रकाशित ओळीच गाळून घ्या. टेबलातली मोजणी दुप्पट दिसली तेव्हा मी आधी एक्सेलची यादी दोनदा ओतली गेली असं समजून घाबरले होते.

जुन्या नोंदींसाठी वेगळी स्क्रिप्ट लागली नाही. ट्रिगर बसवल्यावर प्रत्येक ओळ स्वतःच्याच मजकुराने अपडेट केली, की सगळं त्याच चाळणीतून गेलं. आधी प्रतीवर चालवलं, 'आचाऱ्यांना', 'दऱ्या', 'सूर्या' आणि 'सुऱ्या' हे चार शब्द डोळ्यांनी पाहिले, मगच खऱ्यावर.

श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या, युनिकोडआधीच्या फाँटमध्ये टंकलेल्या फायलींना यातलं काहीच लागू नाही. तो मजकूर आतून रोमन अक्षरं असतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग बाकीचं.

सीएमएस पारखताना मी आता काय बघते

आधी माझी पारख वैशिष्ट्यांच्या तक्त्यावर चालायची: एपीआय (इतर प्रोग्रामना मजकूर मागायची वाट) कुठले, भूमिका आणि परवानग्या किती, पॅनेल दिसतं कसं. आता पहिल्या तासात पाच नोंदी भरते. तीन वेगवेगळ्या टंकनफळ्यांवरून 'कऱ्हाड', एक 'ॲड.', एक 'दु:ख', आणि मग अॅडमिनच्या शोधपेटीतून आणि एपीआयमधून, दोन्हीकडून, शोधून पाहते. तयार पेटीतून कुठलंही सीएमएस यात पूर्ण उतरेल अशी अपेक्षा नाही. मला बघायचं असतं की दुरुस्तीला जागा कुठे आहे, आणि मागच्या दारांनाही ती लागू होते का.

म्हणून डेटाबेस माझ्या हातात असणं मला फार मोलाचं वाटतं. स्वतःच्या सर्व्हरवर चालवण्याचा खरा लाभ इथे आहे. डायरेक्टस हे सीएमएस या बाबतीत उजवं आहे: ते आपल्या साध्या एसक्यूएल टेबलांवरच बसतं, टेबल आपलं आपल्यासारखं राहतं, आणि साठवणीआधी मजकूर बदलणारे फिल्टर हुकही आहेत. पण २०२३ मधल्या १०व्या आवृत्तीत त्याचा परवाना बीएसएल (बिझनेस सोर्स लायसन्स) झाला. लहान संस्थांना वापर मोफत असला तरी काटेकोर अर्थाने तो मुक्त स्रोत नाही. वाचनालयाच्या कार्यकारिणीला मी हे लेखी कळवलं होतं. घोस्ट हे आणखी एक सीएमएस लेखनासाठी छान, सूचीसाठी नाही.

स्लग, म्हणजे वेबपत्त्यातलं पानाचं नाव, ही दुसरी परीक्षा. स्ट्रॅपीचं यूआयडी फील्ड फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं घेतं, म्हणजे मराठी शीर्षकातून पत्ता घडवायचा तर लिप्यंतर आपलं आपण करावं लागतं. आम्ही तो वाद टाळला. वाचनालयाचा दाखलांक हाच पत्ता. तो जुन्या कार्डावरही छापलेला आहे.

आणि विकसनासाठी लॅपटॉपवर एसक्यूलाइट हा लहान डेटाबेस, सर्व्हरवर पोस्टग्रेस, अशी सोय मी बंद केली. एसक्यूलाइटमध्ये ही फंक्शन्स नाहीत, शोधाची वागणूकही वेगळी, आणि घरी चाललेलं तिथे अडतं.

अजून उरलेलं

कार्यकारिणीतल्या एका काकांचा प्रश्न रास्त होता: 'इंदूर' शोधलं तर 'इंदौर' का येत नाही? 'होळकर' आणि 'होलकर', 'ग्वाल्हेर' आणि 'ग्वालियर', 'बडोदे' आणि 'वडोदरा'? इथे १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन मराठी साहित्य संमेलनं झाली. त्यांच्या कात्रणांत गावाचं नाव दोन्ही तऱ्हांनी छापलेलं आहे. शोधरूपात ळ चा ल करून टाकावा असा मोह झाला होता. केला नाही. मग 'काळ' आणि 'काल', 'बाळ' आणि 'बाल' एक होतात, आणि निकालांचा नुसता ढीग पडतो. त्याऐवजी गावं आणि आडनावं यांच्या जोड्यांची एक छोटी यादी सीएमएसमध्येच ठेवली आहे. ती काका आणि काकू वाढवतात. शोधलेल्या शब्दाची जोडी यादीत असेल तर दोन्ही शब्दांनी शोध होतो. मूळ नोंदीत ज्याने 'इंदौर' लिहिलं त्याचं 'इंदौर'च राहतं.

रोज रात्री बॅकअपनंतर एक क्वेरी चालते: एनएफसीत नसलेल्या किंवा र-हलन्त-जोडचिन्ह शिल्लक असलेल्या ओळी किती. पोस्टग्रेसमध्ये 'इज एनएफसी नॉर्मलाइझ्ड' असं थेट विचारता येतं. उत्तर शून्याहून जास्त आलं तर मला निरोप येतो. मागच्या आठवड्यात एकदा आला. नवीन मजकूर-प्रकार जोडला होता, त्याच्या टेबलावर ट्रिगर बसवायचा राहिला होता. पंधरा मिनिटांत बसवला, काकांना कळलंही नाही.